बोळक्याचं कौतुक पुरे

कवळी बसवायचा विषय निघाला की आमच्या परभणीकडे पहिला प्रश्न ठरलेला: ‘आता या वयात कुणाला तोंड दाखवायचंय?’ सेलू असो की सोनपेठ, प्रश्न तोच, आणि विचारणारी बहुधा घरातली कर्ती मुलंच. आजोबांनी चष्मा मागितला तर मात्र हे कुणी विचारत नाही.

दात गेले की चेहरा बसतो, हा वयाचा धर्म आणि कवळी हा त्यावरचा नट्टापट्टा, असं या प्रश्नामागे गृहीत आहे. दोन्ही चूक. सुरकुत्या वयाच्या, मान्य. पण गाल खोल जाणं, ओठ आत ओढले जाणं, हनुवटी नाकाकडे सरकणं ही मुख्यतः दात गेल्याची करणी. दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड दाताच्याच आधाराने टिकतं. दात निघाला की ते झिजू लागतं, पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. पुढेही झीज थांबत नाही, आणि खालचा जबडा वरच्यापेक्षा कितीतरी जास्त झिजतो. त्यात वरच्या-खालच्या दातांनी राखलेलं अंतर संपलं की जबडा नको तितका मिटतो आणि नाकाखालचा चेहरा आखूड होतो. मग मिश्री-तंबाखूपायी पन्नाशीत दात गमावलेली बाई दात शाबूत असलेल्या थोरल्या भावाहून म्हातारी दिसते. यात वयाचा काय दोष?

‘गांधीजींचं बोळकं हसू जगाला आवडलंच ना?’ हा वरचा डाव. आवडलं. पण जेवताना गांधीजी कवळी लावत, हे सांगायचं सोयीने राहून जातं.

मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. दोन जबड्यांतलं जे अंतर चेहरा उभा ठेवतं, तेच भाकरी चावायलाही लागतं. रूप वेगळं आणि पोट वेगळं, अशी वाटणी तोंडात होत नाही. लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी आपल्याच कृषी विद्यापीठाने दिली. ती पिकवणारा म्हातारा भाकर दुधात कुस्करून गिळतो आणि हुरड्याच्या दिवसांत शेताच्या बांधावर नुसता बसून राहतो. बोलण्याचंही तेच. त, थ, द, ध यांना आपल्या व्याकरणाने ‘दंत्य’ म्हटलं ते उगाच नाही.

कवळीने तोंड फुगीर दिसतं, ही तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. पुढची कड जाड झाली की ओठ फुगतात. उंची जास्त झाली की ओठ मिटत नाहीत आणि दात खटखटतात. कमी झाली की चेहरा बसलेला तो बसलेलाच. पण हा दोष मापाचा आहे. शिवाय कवळी हाडाची झीज थांबवत नाही, म्हणून काही वर्षांनी ती आतून भरून घ्यावी लागते किंवा नवी करावी लागते. पंधरा वर्षं एकच कवळी वापरून तिलाच नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. रस्त्याकडेला बसून तासाभरात दात चिकटवून देणाऱ्यापुढे तोंड उघडणाऱ्यांनीही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे गावाबद्दल म्हणायला ठीक, जबड्याबद्दल नको.

आणि नट्टापट्ट्याचा आरोप सरकारी कागदच खोडतो. २०१७ च्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या पंगतीत कवळी बसली आहे. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, ६५ वर्षांवरच्यांना एकरकमी ३,००० रुपये. तिच्यात चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा आणि कमरेचा पट्टा अशी नावानिशी यादी आहे. कवळीचं नाव त्यात नाही. ते घालावं. आणि तोवर घरातल्या कर्त्यांनी माय-बापाला दवाखान्यात न्यावं. कुणाला तोंड दाखवायचंय, हे त्यांचं ते ठरवतील.