आधी सांगा, मग टोचा

"मुलीला ही लस द्यावी का गं?" हा प्रश्न हल्ली हळदीकुंकवापासून शाळेच्या फाटकापर्यंत कुठेही कानावर येतो. ही लस म्हणजे पिशवीच्या तोंडाचा, म्हणजेच गर्भाशयमुखाचा कॅन्सर रोखणारी एचपीव्ही लस. २०२२ या एकाच वर्षात आपल्या देशात सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा आजार झाला आणि जवळपास ८० हजार जणी दगावल्या, असा अंदाज आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने देशी लसही बनवली. मग घोडं अडतं कुठे? मला विचाराल तर लसीत नाही, सांगण्यात.

२००९ मध्ये आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना ही लस प्रायोगिक तत्त्वावर दिली गेली. पुढे त्यांतल्या सात मुली दगावल्या. चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही; कुणी बुडून गेली, कुणी साप चावून. पण दुसरंच काही उघडं पडलं. खम्मममध्ये कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर सह्या होत्या वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या. आईबापांना कुणी विचारलंच नव्हतं! एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला आणि लसीवर संशयाचा शिक्का बसला तो बसलाच.

आता सिक्कीम बघा. २०१८ मध्ये तिथे ९ ते १४ वर्षांच्या मुलींना हीच लस देण्यात आली. त्याआधी डॉक्टर, शिक्षक, पत्रकार यांना नीट माहिती दिली, पालकांशी बोलणं झालं. ९५ टक्क्यांहून जास्त मुलींनी लस घेतली. राज्य लहान, हे मान्य. पण पालकांशी बोलायला राज्य लहानच असावं लागतं असं थोडंच आहे?

आपल्याकडे गाडी अडते ती संकोचापाशी. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून लस त्याच्या कितीतरी आधी, लहान वयात द्यायची. एवढं साधं वाक्य, पण ते बोलताना सगळ्यांचीच जीभ अडखळते. मग आईच्या कानावर 'गर्भाशय' आणि 'इंजेक्शन' हे दोनच शब्द पडतात आणि उरलेलं व्हॉट्सअॅप सांगतं, "पुढे मूल होणार नाही." खरं तर या लसीने वंध्यत्व येतं याला काहीही पुरावा नाही. हात दुखतो, क्वचित चक्कर येते, म्हणून टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतात. आणि लस घेतली तरी मोठेपणी तपासणी चुकवायची नाही, हेही सांगायलाच हवं.

मैत्रिणींनो, शाळेतून संमतीचा कागद आला तर घाईने सही करू नका, घाबरून फाडूनही टाकू नका. पालकसभेत उठून विचारा: कशासाठी, किती डोस, त्रास झाला तर कुणाकडे जायचं? उत्तर नीट मिळेपर्यंत विचारत राहा. लेक आपली आहे, तेव्हा समजून घेण्याचा पहिला हक्कही आपलाच.