किती देते?

मराठी माणसानं मोटारीबद्दल आजवर एकच प्रश्न शोधून काढला आहे, आणि तो म्हणजे "किती देते?" गाडी उभी असो, चालती असो, वरातीतली असो की पोलिसांनी जप्त केलेली असो, जवळ जायचं, बॉनेटवर तळहात ठेवायचा, म्हशीच्या कासेकडे बघावं तसं बघायचं आणि विचारायचं, "किती देते?" म्हैस दूध देते हे मला मान्य आहे. पण मोटारीनं माणसाला जे काय द्यायचं ते फक्त लिटरमागे किलोमीटरातच द्यावं, हे मला मान्य नाही. हा लेख त्या प्रश्नाविरुद्ध आहे आणि लेखक निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

निमित्त असं, की गोव्यातल्या एका सद्गृहस्थांनी आपली सॅन स्टॉर्म विकायला काढली आहे. ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. 1998 च्या सुमारास आलेली ही दोन माणसांची, उघड्या टपाची मोटार. इंजिन रेनॉचं, 1149 सीसीचं. अंग फायबरचं. जन्म गोव्यात. फार थोड्या निघाल्या आणि त्यातल्याही थोड्या उरल्या. या गृहस्थांनी तिला पावसाळ्यात ताडपत्रीखाली आणि उन्हाळ्यात सावलीत ठेवून जावयासारखी जपली आहे. किंमत म्हणाल तर आजच्या नव्या लहान मोटारीच्या निम्मीही नाही.

ही बातमी आमच्या शाखेत सकाळी अकराला फुटली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मोंढ्यात पोचली. तेव्हापासून पासबुक भरून घ्यायला येणारा प्रत्येक खातेदार, आम्ही थकबाकीदाराकडे बघतो तसा माझ्याकडे बघतो. "काय सायब, दोन शिटाची गाडी घ्यायलाव म्हणं? काहून?"

या 'काहून'चं उत्तर कलमवार देतो.

पहिला आक्षेप गावाचा. मानवतात स्पोर्ट्‌स कार शोभत नाही म्हणे! अहो, रेल्वेनं आम्हाला स्टेशन दिलं ते गावाबाहेर काही मैलांवर, आणि त्याचं नाव ठेवलं 'मानवत रोड'. म्हणजे 'आम्ही रस्त्यापर्यंत आणून सोडलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा.' ज्या गावाला खुद्द रेल्वेनं असं वाऱ्यावर सोडलं, त्या गावात चांगली मोटार असू नये तर कुठं असावी? शिवाय 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण छाती फुगवून सांगतो. मग जर्मनीत स्टुटगार्टला पोर्शे तयार होते आणि परभणी जिल्ह्यात एक जुनी सॅन स्टॉर्म येऊ नये, ही कुठली बरोबरी? गाडी जमिनीला टेकलेली आहे, गतिरोधकावर पोट घासेल, पावसात काळ्या मातीत रुतेल, हे खरं आहे. पण आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीही रुतते. म्हणून कुणी बैलगाडी घेणं सोडलं नाही. पाऊस उघडेपर्यंत ती बाहेर काढणं सोडलं.

दुसरा आक्षेप तेंडुलकरचा. "सचिननं सुद्धा फेरारी विकली!" हे आमचे रोखपाल फार समजूतदार चेहऱ्यानं सांगतात. इतिहास असा आहे, की ब्रॅडमनच्या 29 शतकांची बरोबरी केल्याबद्दल 2002 मध्ये सचिनला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. तिच्यावरच्या कोटीभराहून अधिक सीमाशुल्काच्या माफीवरून देशभर वादंग झाला, शेवटी तो भार फियाट कंपनीनं उचलला, आणि 2011 मध्ये गाडी सुरतच्या एका व्यापाऱ्यानं घेतली. पण या हकिगतीत एक वापरलेली, नीट ठेवलेली स्पोर्ट्‌स कार विकत घेणाराही एक आहे, हे रोखपाल सोयीस्करपणे विसरतात. मी सचिनच्या नव्हे, त्या सुरतकराच्या रांगेत उभा आहे. जमाखर्चाला दोन बाजू असतात, हे रोखपालाला मी सांगायला नको.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्यावर विनोद करणार नाही. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शेनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. तेव्हापासून स्पोर्ट्‌स कार म्हटलं, की लोकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडावीच. पण त्या प्रकरणातला कारकुनी तपशील बघा. कोटीच्या घरातली ती गाडी 1,758 रुपयांची फी भरायची राहिली म्हणून नंबराविनाच होती. ज्याला कशाचीच झळ लागत नाही, त्याच्या हातात वेग गेला तर असं होतं. ज्याच्या गाडीचा साधा आरसा फुटला तरी दुसरा मिळवायला चार राज्यांत फोन करावे लागतात, तो माणूस मोटार देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी हळू हाकतो. जुनी मोटार माणसाला जेवढी शिस्त लावते, तेवढी शाळेनंही मला लावली नाही.

आता पैशाकडे वळू, कारण मी कॉमर्सचा पदवीधर आहे आणि विरोधकांना वाटतं, की निदान हिशेबात तरी हा सापडेल. कॉमर्समध्ये एक सुंदर शब्द शिकवतात, घसारा. नवी मोटार घ्या. विमा कंपनीच्या तक्त्याप्रमाणे सहा महिने उलटले की 15 टक्के, वर्ष झालं की 20, दोन वर्षं झाली की 30, तीन झाली की 40, चार झाली की 50 टक्के घसारा धरतात. म्हणजे पाच वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेली गाडी हप्ते संपण्याआधीच निम्मी होते. या सॅन स्टॉर्मचा घसारा पहिल्या मालकानं केव्हाच सोसला आहे. तिच्यात घसरायला आता काही उरलेलंच नाही. मग शहाणा कोण?

"त्यापेक्षा सोनं घ्या," इति सर्वजण. सोनं वाढलं, कबूल. पण आमच्या शाखेतल्या लॉकरांच्या किल्ल्या मी पाहतो. ते सोनं वर्षातून दोनदा उजेड बघतं, एकदा दिवाळीला आणि एकदा कुणाच्या तरी लग्नाला. आणि लग्नावरून आठवलं. मंडप, घोडा, बँड, हजार पानं आणि त्यातली निम्मी उष्टी, यासाठी माणसं आमच्याच बँकेतून कर्ज काढतात आणि पाच वर्षं फेडतात. त्या मांडवात उभं राहून "किती देते?" असं विचारलेलं मी अजून ऐकलं नाही. मध्यमवर्गाला उधळपट्टीचं वावडं नाही. ती दुसऱ्यांना जेवू घालण्यासाठी केलेली असली, की तो तिला संस्कार म्हणतो. स्वतःच्या आनंदासाठी दहा रुपये खर्चले, की मात्र भिंतीवरचे आजोबासुद्धा फोटोतून खाकरतात.

राहता राहिला दोन सीटांचा मुद्दा. "चार माणसं कुठं बसवणार?" कुठंच नाही! तोच तर तिचा गुण आहे. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत आम्ही दोघं जिथं जिथं गेलो तिथं मागच्या सीटवर आई होती, मुलं होती, आत्याबाई होत्या, पाथरीपर्यंत सोडायचं असलेला कुणीतरी होता, आणि कुणीच नव्हतं तेव्हा लोणच्याची बरणी होती. हिनं फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि विचारलं, "म्हणजे यात तिसरं माणूस बसूच शकत नाही?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग विचारून तर बघा." या संभाषणाला कुठल्या खात्यात टाकायचं, हे मला आमच्या पुस्तकांत कुठंही शिकवलेलं नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र मी विरोधकांहून कडक आहे. पुण्याच्या डीसी अवंती या स्पोर्ट्‌स कारच्या प्रकरणात डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी अटक केली, तेव्हा एकाच इंजिन-चासी नंबरच्या नोंदणीचे आणि कर्जांचे आरोप झाले होते. तेव्हा रंगाच्या चकाकीवर जाऊ नये. चासीवरचा कोरलेला नंबर स्वतः वाचावा. आरसी बुकावर कुठल्या बँकेचा बोजा असेल तर आधी तो फॉर्म 35 नं उतरवून घ्यावा. गोव्याचं ना-हरकत फॉर्म 28 वर, हस्तांतर 29 आणि 30 वर. पंधरा वर्षांवरची गाडी, म्हणजे फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आला. त्याशिवाय महाराष्ट्राचा रस्ता कर. हा सगळा खर्च किमतीत मिळवून मगच बेरीज मारावी. मी मारली आहे. येत्या वर्षी दुसरा प्लॉट न घेतल्यास ती बसते. दुसऱ्या प्लॉटवर आम्ही काय करणार होतो? कुंपण.

सबब ठराव असा: गाडी घ्यावी. पाऊस उघडल्यावर, कापूस बाजारात यायच्या आधी, रस्त्यावर गर्दी नसताना तिच्यातून परभणीपर्यंत जावं, चहा घ्यावा आणि परत यावं. ती लिटरला किती देते, ते मी मालकांना अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.