कब्रस्तानाने दिलेला नकार

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत शिरलेल्या दहा हल्लेखोरांपैकी नऊ जण मारले गेले. तोवर १६६ जणांचे प्राण गेले होते. पंचनामे झाले, शवविच्छेदन झाले आणि ते नऊ मृतदेह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले. पाकिस्तान त्यांना आपले म्हणायला तयार नव्हता. एरवी बेवारस मुस्लिम मयत असली की पोलीस ती कब्रस्तानाच्या विश्वस्तांकडे सोपवतात, आणि कफनापासून कबरीपर्यंत सगळे विश्वस्त मंडळी बघतात. या वेळी तसे झाले नाही. मरीन लाइन्सचे बडा कब्रस्तान ज्यांच्या ताब्यात आहे त्या जामा मशीद ट्रस्टने स्पष्ट सांगितले, या नऊ जणांना इथे जागा मिळणार नाही. निरपराधांची कत्तल करणाऱ्याला मुसलमान म्हणता येत नाही, मग मुसलमानांच्या जमिनीत त्याला जागा कशाला, अशी त्यांची भूमिका होती. मुंबईतल्या इतर मुस्लिम संघटनाही त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. वर्षाहून अधिक काळ ते देह शवागारातच होते. जानेवारी २०१० मध्ये सरकारने ते गुपचूप पुरले आणि एप्रिलमध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी विधिमंडळात सांगितले तेव्हा ही गोष्ट लोकांना कळली.

हा नकार किती जड होता, हे मुस्लिमेतर वाचकांच्या सहज लक्षात येणार नाही. मयतीला आंघोळ घालणे, कफन देणे, जनाजाची नमाज पढणे आणि दफन करणे याला 'फर्ज-ए-किफाया' म्हणतात. म्हणजे वस्तीतल्या काहींनी केले तर सगळ्यांच्या डोक्यावरचा भार उतरतो. कोणीच केले नाही तर गुनाह सगळ्या वस्तीवर येतो. दारुड्याची, जुगाऱ्याची, खून करून फासावर गेलेल्याचीही मयत मातीला लावायची, असाच सर्वसाधारण दंडक आहे. रात्री अडीच वाजता कोणाची मयत आली तरी उठून फावडे हातात घेणारी ही माणसे. त्यांनी 'नाही' म्हटले. शरियतच्या चौकटीत त्यावर वाद घालता येईल. पण मुंबईतल्या मुसलमानांना त्या आठवड्यात काय वाटत होते, हे सांगायला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. सीएसटीच्या फलाटावर गोळ्या लागून पडलेल्यांमध्ये त्यांचीही माणसे होती. पुढे ९ डिसेंबरला बकरी ईद आली. अनेक शहरांत लोक दंडाला काळ्या फिती बांधून ईदगाहवर गेले आणि सण साधेपणाने झाला.

हे सगळे वर्तमानपत्रांत छापून आले होते. तरीही प्रत्येक हल्ल्यानंतर एक प्रश्न नव्याने विचारला जातो, "मुस्लिम समाज गप्प का?" जणू आधी कधी कोणी काही बोललेच नव्हते. याच्या बरोबरीने दुसरा प्रश्न येतो तो टपरीवर, स्टाफरूममध्ये, लोकलच्या डब्यात. "तुमच्या लोकांनी हे काय केलं?" विचारणारा बहुतेक वेळा वाईट माणूस नसतो. ज्याला विचारले जाते तो रिक्षावाला असतो, शिक्षक असतो, हॉस्टेलवर राहणारी मुलगी असते. 'तुमचे लोक' या दोन शब्दांत त्याचे नाव कोणत्या यादीत घातले गेले हे त्याला कळते. तो कसनुसे हसतो किंवा घाईघाईने निषेध करतो. त्या निषेधात दुःख कमी असते आणि हजेरी जास्त.

गप्प असल्याचा आरोप तपासून पाहावा असा आहे. २५ फेब्रुवारी २००८ रोजी देवबंदच्या दारुल उलूमने देशभरच्या उलेमांना बोलावून दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले. ३१ मे रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानात तसा फतवा वाचला गेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हैदराबादेत जमियतच्या अधिवेशनात हजारो उलेमांनी त्याला दुजोरा दिला. मुंबईवरचा हल्ला त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत झाला. म्हणजे निषेध हल्ल्याच्या आधीच झालेला होता, दबावाखाली नंतर केलेला नव्हता. मग तो ऐकू का आला नाही?

एक कारण अगदी साधे आहे आणि त्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. निषेध झाला उर्दूत, प्रश्न विचारला गेला मराठीत. फतवा उर्दूत, जुम्म्याचे बयान उर्दूत, काळ्या चौकटीतले अग्रलेख मुंबईच्या उर्दू दैनिकांत. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या कुलकर्णींना किंवा जाधवांना ते वाचता येत नाहीत, आणि वाचता यावेत अशी अपेक्षाही चूक आहे. महाराष्ट्रातल्या मुस्लिम पुढाऱ्यांनी, उलेमांनी आणि संस्थांनी पिढ्यान् पिढ्या आपले म्हणणे आपल्याच माणसांना सांगितले आणि जगाला सांगितल्याचे समाधान मानले. मराठी बोलणारे, मराठीत शिकलेले, मराठीत लिहिणारे मुसलमान काही कमी नाहीत. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात १९९० सालीच भरले होते. कोकणातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत घरात उर्दू बोललीच जात नाही. पण समाजाच्या वतीने बोलायची वेळ आली की माइक जातो तो उर्दू बोलणाऱ्याच्याच हातात, आणि टीव्हीवाले तर दाढीची लांबी पाहून पाहुणा निवडतात!

उर्दूत जे लिहिले गेले ते सगळेच चांगले होते असेही नाही. २६/११ नंतर उर्दू पत्रकारितेतल्या काहींनी हल्ल्यामागे देशातल्याच शक्तींचा कट असल्याच्या कहाण्या महिनोन् महिने चालवल्या. एका मोठ्या संपादकाने तर त्यावर पुस्तक काढले आणि पुढे जाहीर माफी मागितली. अजमल कसाब जिवंत पकडला गेला होता, खटला उघड चालला होता, तरी या कहाण्यांना गिऱ्हाईक मिळत होते. ज्यांना आपल्यावरचा संशय नको असतो त्यांनी कोणताही संशय इतक्या सहज उचलू नये.

'दहशतवादाला धर्म नसतो' या वाक्याचेही तसेच आहे. ते म्हणायला सोपे आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा होते. मारेकऱ्यांनी धर्म विचारून गोळ्या घातल्या, असे वाचलेल्या माणसांनी सांगितले. ज्या बाईने तो प्रश्न आपल्या कानांनी ऐकला, तिच्यासमोर हे वाक्य तोकडे पडते. मारणारे धर्माचे नाव घेतात, त्यातले शब्द वापरतात. म्हणून ते शब्द त्यांच्या हातून काढून घेण्याचे काम त्याच धर्माच्या जाणकारांना करावे लागेल. सूरह माइदाची एक आयत, एका खुनाला सबंध मानवजातीच्या खुनाच्या तोलाचे ठरवणारी, प्रत्येक हल्ल्यानंतर मोबाइलवरून फिरते. ती फिरवण्यापेक्षा मदरशातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला ती नीट समजावून सांगणे जास्त कामाचे आहे.

पहलगामच्या दुसऱ्या दिवशी काश्मीर खोरे बंद होते. तिथे बंद नवे नाहीत, पण दहशतवादी हल्ल्याच्या निषेधार्थ असा कडकडीत बंद अनेक दशकांत झाला नव्हता. मशिदींच्या भोंग्यांवरून आवाहन झाले. श्रीनगरच्या वर्तमानपत्रांनी पहिले पान काळे छापले. पर्यटकांना वाचवताना एक स्थानिक घोडेवाला मारला गेला. तो घरातला कमावता मुलगा होता. त्याच आठवड्यात उत्तर भारतातल्या काही शहरांत काश्मिरी विद्यार्थ्यांना खोल्या सोडायला लावल्या गेल्या, धमक्या आल्या. आणि हल्ल्यात नवरा गमावलेली, लग्नाला आठवडाही न झालेली एक तरुणी "मुसलमानांच्या किंवा काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता आणि न्याय हवा" असे म्हणाली, तेव्हा तिच्यावर इतकी घाण फेकली गेली की राष्ट्रीय महिला आयोगाला त्याचा निषेध करावा लागला. तिच्या दुःखावर तिचा हक्क नव्हता का? ते दुःख रागाच्या कामाचे होते तोवर सगळ्यांना हवे होते.

आता एक अवघड गोष्ट. ज्या बडा कब्रस्तानाने नऊ जणांना नाकारले, त्यानेच ३० जुलै २०१५ रोजी याकूब मेमनला घेतले आणि जनाजाला हजारोंची गर्दी झाली. मराठी वाचक हे विसरलेला नाही आणि त्याने विसरावे असे म्हणणेही योग्य नाही. दफन करणे हा कुटुंबाचा हक्क होता, माणूस याच शहरातला होता, इथवर ठीक. गर्दीचे काय? त्यातल्या अनेकांच्या मनात १९९२-९३ ची दंगल होती. १९९८ साली आलेला न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल होता, ज्यात नावे असलेल्या बहुतेकांना कधी शिक्षा झाली नाही. ही सल खरी आहे. पण १२ मार्च १९९३ ला मेलेल्या २५७ माणसांच्या घरच्यांनी ती गर्दी पाहिली तेव्हा त्यांना ही सल दिसणार नव्हती, दिसणार होते फक्त खांदे देणारे हात. दंगलीच्या न्यायाची मागणी करायला ती जागा चुकीची होती, आणि समाजातल्या शहाण्या माणसांनी हे तेव्हा मोठ्याने सांगायला हवे होते. फार थोड्यांनी सांगितले.

न्यायाचाच विषय निघाला आहे तर मालेगाव टाळता येत नाही. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. कब्रस्तानात आणि मशिदीजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली, बहुतेक सगळी मुसलमान. अटकही नऊ मुसलमानांनाच झाली. पाच वर्षांनी जामीन आणि २०१६ मध्ये दोषमुक्ती. तोवर त्यांतला एक जण मरण पावला होता. दोन वर्षांनी, २९ सप्टेंबर २००८ ला, रमजानच्या अखेरच्या दिवसांत भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्याचा तपास करणारे हेमंत करकरे दोन महिन्यांत २६/११ च्या रात्री शहीद झाले.

या सगळ्याचे निकाल २०२५ च्या जुलैमध्ये दहा दिवसांच्या अंतराने लागले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतील सर्व बारा आरोपींना निर्दोष ठरवले. ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव खटल्यातील सातही आरोपींना पुराव्याअभावी सोडले. लोकलच्या खटल्यात सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि सुटलेल्यांना परत तुरुंगात न धाडता त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्याला स्थगिती मिळाली. लोकांच्या प्रतिक्रिया मात्र नमुनेदार होत्या. पहिल्या निकालाला ज्यांनी 'न्यायाचा विजय' म्हटले त्यांतल्या बऱ्याच जणांना दुसऱ्यात गडबड वाटली, आणि दुसऱ्याला पेढे वाटणाऱ्यांना पहिल्यात. सुटलेले आपले की त्यांचे, एवढ्यावर न्यायालयाची लायकी ठरत होती. लोकलमध्ये मेलेल्या पावणेदोनशेहून अधिक माणसांना आणि भिक्कू चौकातल्या सहा जणांना कोणी मारले, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी फारसा कोणी विचारला नाही.

उर्दूत 'बदगुमानी' असा एक शब्द आहे. मराठीत त्याला नेमका जोड सापडत नाही. गैरसमज म्हणजे नकळत झालेली चूक. संशयाला निदान काही कारण असते. बदगुमानी म्हणजे कारण नसताना दुसऱ्याबद्दल मनात वाईट धरणे, आणि ते सुखाने धरून बसणे. रोजा फक्त पोटाचा नसतो. जीभ, कान आणि मन यांचाही असतो, आणि बदगुमानी हा रोजाची बरकत घालवणारा दोष मानला जातो. तो फक्त मुसलमानांनी मुसलमानांबद्दल टाळायचा, असे कुठे सांगितलेले नाही. 'हे सगळे आपल्या वाईटावरच आहेत' असे प्रत्येक हिंदू शेजाऱ्याबद्दल धरून बसणे हीदेखील बदगुमानीच. मोहल्ल्यामोहल्ल्यात ती आज भरपूर आहे.

ती कमी कशी होते, याचा एक दाखला महाराष्ट्रातच आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या. त्यांत पुढारी थोडे होते. माग चालवणारे, दुकानदार, रिक्षावाले जास्त. ते नियमित बसत, नळाच्या आणि गटाराच्या तक्रारीही तिथेच येत. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. माणसे संकटाच्या आधी एकमेकांना नावाने ओळखत होती, एवढाच त्यातला मोठा भाग.

रमजानमध्ये शहरोशहरी पोलीस ठाण्यात आणि पुढाऱ्यांच्या अंगणात इफ्तार होतात. खजूर, फोटो, टोपी घातलेले पाहुणे. अर्ध्या तासात खुर्च्या उचलल्या जातात. त्यातून कोणाचे नुकसान होत नाही, ओळखही होत नाही. त्यापेक्षा गेल्या काही वर्षांत सुरू झालेले 'मस्जिद परिचय' उपक्रम बरे. मुस्लिमेतर स्त्री-पुरुष मशिदीत येतात, वजूची जागा, मिंबर पाहतात, मराठीत प्रश्न विचारतात आणि मराठीत उत्तरे मिळतात. तिथे अडचणीचे प्रश्नही येतात, दहशतवादाचे, बुरख्याचे, भोंग्यांचे, आणि ते टपरीवर विचारले जाण्यापेक्षा तिथे विचारलेले केव्हाही चांगले. जुम्म्याच्या बयानातली दहा मिनिटे मराठीत व्हायला धर्माची कोणतीही अडचण नाही. अरबी खुतबा आपल्या जागी राहतोच; त्याआधीचे बयान लोकांना समजावे म्हणूनच असते. काही मशिदींनी तसे सुरू केले तर शाळेत मराठी शिकणारी पोरेही, जी आज बयान चालू असताना मोबाइल चाळत बसतात, मान वर करून ऐकतील.