सात वाजून दहा मिनिटं

एखादी गोष्ट बंद होणार अशी बातमी आल्याशिवाय ती चालू आहे हे आम्हा पुणेकरांना कळत नाही. २०२३ सालच्या जून महिन्यात अशीच एक बातमी आली. आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरच्या केंद्राकडे द्यायचं घाटत होतं. म्हणजे पुण्याच्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या बातम्या पुण्यात तयार होणार नव्हत्या.

झालं! आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी पाण्याचा टँकर आणि पार्किंग याखेरीज विषय नसतो. तिथे एकदम हुंदके फुटू लागले. कुणाचं बालपण हिरावलं गेलं, कुणाच्या सकाळी पोरक्या झाल्या. बत्तीस घरांतून बत्तीस जोडलेले हात आले. मी पडलो बँकेतला कारकून. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोन-तीन दिवसांत मी हळूच चौकशी केली तेव्हा बत्तीस घरांत मिळून चालू रेडिओ निघाला एक, तळमजल्यावरच्या आजींचा. आणखी एक होता तो वॉचमनचा, आणि वॉचमन ग्रुपवर नाही. बत्तिसांतले दोन जोडलेले हात माझे होते आणि माझ्याही घरात रेडिओ नव्हता. हे आत्ताच कबूल करून टाकतो. पुढे ऑडिटमध्ये निघण्यापेक्षा बरं!

पुढे बराच ओरडा झाला आणि केंद्रीय मंत्र्यांनी त्या निर्णयाला स्थगिती दिली. ग्रुपवर लगेच टाळ्या पडल्या. ‘वाचलं!’ म्हणून मंडळी पुन्हा टँकरकडे वळली.

माझं भांडण आहे ते इथे. स्थगिती म्हणजे काय, हे ज्याने बँकेत नोकरी केली आहे त्याला विचारा. आमचीही एक शाखा अशीच बंद व्हायची होती. तसं परिपत्रक आलं. त्यात ‘बंद’ हा शब्द औषधालाही नव्हता. विलीनीकरण होतं, सुसूत्रीकरण होतं, उपलब्ध मनुष्यबळाचा सुयोग्य वापर होता. शेवटी ‘खातेदारांची कोणतीही गैरसोय होणार नाही’ हे वाक्यही होतं. हे वाक्य दिसलं की खातेदारांनी पाठीला लावायचं मलम आणून ठेवावं. निवेदनं गेली, सह्या झाल्या, स्थगिती आली, आम्ही पेढे वाटले. आठ महिने गेले. मग एका शनिवारी दुपारी टेम्पो आला आणि काउंटर घेऊन गेला. या खेपेला कुणी ओरडलं नाही, कारण ओरडायचा सगळा दम पहिल्या वेळीच खर्च झाला होता. त्यानंतर कित्येक महिने एक पेन्शनर आजोबा एक तारखेला त्या बंद शटरसमोर येऊन पायरीवर बसत असत. नवी शाखा कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. दोन बस बदलून जावं लागायचं. ‘जरा बसतो, मग जातो,’ म्हणायचे.

म्हणून ‘स्थगिती’ हा शब्द ऐकला की मला टेम्पोचा हॉर्न ऐकू येतो.

आता कुणी म्हणेल, अहो पण रेडिओ ऐकतो कोण? हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतः ऐकत नसतो एवढंच त्यातून सिद्ध होतं. आमच्या घरी रेडिओ हा ऐकायचा नव्हताच मुळी, तो वागायचा होता. सकाळची ती धून लागली की आई दुधाचं पातेलं चढवी. (तंबोरा आणि व्हायोलिनची ती धून बांधली वॉल्टर कॉफमन नावाच्या गृहस्थांनी. हिटलरच्या धास्तीनं युरोप सोडून हा संगीतकार १९३४ साली मुंबईला आला आणि पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. आमच्या आईचं दूध कुणाच्या तालावर उतू जात होतं बघा!) सात दहाच्या बातम्या लागल्या आणि मी अजून अंथरुणात, म्हणजे गुन्हा शाबीत. सुधा नरवणे यांचा स्वच्छ, न घाई करणारा आवाज घरभर फिरे आणि त्यात ‘उठ रे मेल्या’ हे आईचं वार्तापत्र मधूनमधून मिसळे. त्या काळात दोन्ही केंद्रं एकाच वेळी लागत.

आणि या बातम्यांत काय असे? जगबुडी नसे. खडकवासल्यातून मुठेत किती पाणी सोडलं, पालख्या आल्या म्हणून कुठले रस्ते बंद, कुठल्या पेठेत उद्या पाणी नाही. दिल्लीला हे क्षुल्लक वाटणार. पण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलेलं ज्या शहरानं पाहिलं, त्याला ‘धरणातून पाणी सोडलं’ ही बातमी क्षुल्लक वाटत नाही. भिडे पूल पाण्याखाली गेला हे कळायला भिडे पूल माहीत असावा लागतो. संभाजीनगरची माणसं हुशार नाहीत असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्यांना त्यांचं जायकवाडी पुरेसं आहे. उद्या त्यांचा वृत्तविभाग पुण्याला आणायचं ठरलं तर मी त्यांच्या निवेदनावर सही करीन, आणि स्वच्छ अक्षरात करीन.

‘मग एफएमवाले आहेत की!’ असंही एकानं मला सुनावलं. आहेत ना! दिवसभर आहेत. पण २०२३ साली ही पाळी आली तेव्हाचा नियम त्या गृहस्थांना ठाऊक नव्हता. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नव्हती. २०१९ पासून फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा मिळाली होती. म्हणजे लाखोंच्या या शहरात हवेवरून स्वतःची बातमी सांगणारं एकच दुकान, आणि त्यालाच कुलूप!

आता जरा इतिहासात शिरतो. मी इतिहासाचा नव्हे, बी. कॉम.चा माणूस, तेव्हा मी तिथे फक्त हिशेब बघणार.

या देशातलं पहिलं रीतसर रेडिओ केंद्र मुंबईत २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन उद्घाटनाला. कंपनी खासगी, अधिकृत भांडवल १५ लाख. लायसन वर्षाला १० रुपये, त्यातले ८ कंपनीला. तीन वर्षं होत आली तरी लायसनं आठ हजारांच्या आतच राहिली. आठ हजार गुणिले आठ, चौसष्ट हजार. एवढ्या वार्षिक उत्पन्नावर मुंबई आणि कलकत्ता अशी दोन केंद्रं चालवायची! आमच्या कर्ज विभागानं हा अर्ज दारातूनच परत पाठवला असता. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली आणि १ एप्रिलपासून सरकारनं कारभार हाती घेतला. दीड वर्षात सरकारही कंटाळलं. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये ठरलं, परवडत नाही, बंद करा. लोकांनी आरडाओरडा केला आणि नोव्हेंबरमध्ये तोच निर्णय फिरवावा लागला.

बघा! ब्याण्णव वर्षांत काही बदललं नाही. साहेबाचा रंग तेवढा बदलला.

दिल्लीहून येणारा हुकूम नेहमी आपल्या भल्यासाठीच असतो, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. १९४० साली हार्मोनियमला बंदी झाली, ती शास्त्रीय संगीताच्या भल्यासाठी. पेटी म्हणे आपल्या श्रुतींना न्याय देत नाही. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. १९५२ नंतर नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांनी सिनेमाची गाणी हद्दपार केली, ती आपल्या अभिरुचीच्या भल्यासाठी. मंत्री मराठी माणूस, त्यामुळे आम्हांला बोलायचीही चोरी! परिणाम असा की सगळा देश बुधवारी रात्री कान टवकारून रेडिओ सिलोन पकडू लागला आणि अमीन सयानी घराघरात पोचले. शेवटी १९५७ साली विविध भारती काढून दिल्लीनं आपलंच गिऱ्हाईक परत बोलावलं. विलीनीकरणाच्या फायली ज्यांच्या टेबलावर असतात त्यांनी हा जमाखर्च एकदा नजरेखालून घालावा.

पण मला खरा राग येतो तो दुसऱ्याच एका वाक्याचा. ‘सरकारी खातं ते, तिथे काय होणार?’ हे वाक्य मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून तेवीस वर्षं ऐकतो आहे. मस्टरवर सही करणाऱ्या माणसाच्या हातून काही घडत नाही, असा या समाजाचा पक्का समज आहे. तर मंडळी, पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. तिथे कोण नोकरी करत होतं? पु. ल. देशपांडे. व्यंकटेश माडगूळकर तर वर्षानुवर्षं शेतकऱ्यांचे कार्यक्रम करत होते. माणदेश ज्यांनी मराठी कथेत आणला ते गृहस्थ रोज ऑफिसला जात होते हो! रजेचे अर्जही लिहीत असतील. ते जपून ठेवायला हवे होते.

आणि गीतरामायण? ते सरकारी खात्यातच झालं. गदिमा आणि सुधीर फडके नोकर नव्हते हे मला मान्य. पण त्यांच्या मागे लागणारा माणूस पगारी होता. सीताकांत लाड. आमच्या भाषेत वसुली अधिकारी. कवीकडून गाणं वसूल करणं हे कुळाकडून कर्ज वसूल करण्यापेक्षा कठीण. कारण कर्जदाराकडे निदान पैसे नाहीत हे आपल्याला माहीत असतं. कवीकडे गाणं आहे की नाही हे कवीलाही माहीत नसतं. पहिल्या गाण्याच्या वेळची हकिगत तर प्रसिद्धच आहे. गाण्याचा कागद ऐन वेळी गहाळ झाला. कुणाकडून झाला यावर दोघांचं जुंपलं. तेव्हा लाडांनी गदिमांना खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि पंधरा मिनिटांत गाणं पुन्हा कागदावर उतरलं, असं सांगतात. आमच्याकडे पासबुक हरवलं तर दुय्यम प्रत मिळायला पंधरा दिवस लागतात.

पहिलं गाणं लागलं १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या शुक्रवारी, सकाळी पावणेनऊला. १ एप्रिल! मार्चअखेर संपवून बँकवाला जिथे डोकं टेकतो तो दिवस. मग दर शुक्रवारी नवं गाणं, शनिवार-रविवारी तेच पुन्हा. ठरली होती ५२ गाणी. वर्षात अधिक महिना आला आणि झाली ५६. वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, लता मंगेशकर, सगळे गाऊन गेले. रेडिओला हार घालून घरं ऐकायला बसत असत, असं जुनी माणसं अजून सांगतात. पुढच्या शुक्रवारी पावणेनऊ वाजणारच होते म्हणून हे झालं. स्फूर्ती येईल तेव्हा या, असं केंद्रानं सांगितलं असतं तर राम अजून अयोध्येतच असता. घड्याळ, मस्टर, ठरलेली वेळ आणि मागे लागणारा एक माणूस, या चार गोष्टींची आपण टिंगल करतो. मीही करतो, कारण विनोदी लेख लिहायला त्या बऱ्या पडतात.

आता वेळ ठेवा पण माणसं हलवा, असं हे नवं गणित आहे. वेळापत्रकातलं सात दहा तसंच राहील, फक्त बोलणाऱ्याला भिडे पूल दिसणार नाही. मुंबईत बघा ना. मंत्रालयाजवळ उतरून ‘आकाशवाणी कुठे?’ म्हणून विचारा, निम्मे लोक आमदार निवासाकडे बोट दाखवतील. नाव राहतं, पत्ता राहतो, आत कोण बोलतंय ते मात्र हळूहळू विसरलं जातं.

वडिलांच्या कपाटात मला परवा रेडिओचं लायसन सापडलं. पोस्टाचं पुस्तक, आत वर्षावर्षाची तिकिटं, त्यांवर शिक्के. वर्षाला पंधरा रुपये. १९८५ च्या सुमारास हे लायसन रद्द झालं आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वडील मात्र थोडे नाराज झाले होते, असं आई सांगते. ‘पैसे भरत होतो तोवर तक्रारीचं पत्र लिहिता येत होतं,’ असं त्यांचं म्हणणं. हिशेबाचा माणूस, दुसरं काय!

ते पुस्तक खिशात घालून मी तपकीर गल्लीत गेलो आणि रेडिओ मागितला. आकाशवाणी आता मोबाईलच्या ॲपवरही लागते हे मला माहीत आहे. पण मोबाईलवर बातम्या लावल्या की चौथ्या मिनिटाला मेहुण्याचा फोन येतो. दुकानदारानं वरच्या फळीवरून खोकं काढलं, धूळ झटकली आणि विचारलं, ‘वडिलांसाठी का?’

‘नाही, माझ्यासाठी.’

त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पन्नास रुपये कमी केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात दहाला मी तो स्वयंपाकघरात लावला. तळमजल्यावरच्या आजींचाही लागला होता. जिन्यातून दोन्हीकडचा आवाज एकदमच येत होता. चिरंजीव डोळे चोळत बाहेर आले, रेडिओ उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘बाबा, याला पॉज कुठे आहे?’

‘नाही आहे. आंघोळीला जा.’