सलामीच्या सामन्याने काय सांगितले? अलाबामाच्या पराभवाचा धडा

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या २०२५ च्या हंगामाचा ताळेबंद मांडताना ३० ऑगस्टच्या एका निकालाकडे पुन्हा लक्ष जाते. फ्लोरिडाची राजधानी टॅलाहासी येथे त्या दिवशी फ्लोरिडा स्टेटने आठव्या मानांकित अलाबामाचा ३१-१७ असा पराभव केला. त्याआधी अलाबामाने सलामीचे सलग २३ सामने जिंकले होते, तर फ्लोरिडा स्टेटला आदल्या हंगामात १२ पैकी केवळ दोन विजय मिळाले होते.

चाहत्यांचा निवाडा त्याच रात्री झाला. टॅलाहासीत प्रेक्षक मैदानात उतरले. अलाबामाच्या गोटात मात्र प्रशिक्षक केलन डेबोअर यांना हटवण्याची मागणी सुरू झाली. त्यांचे पूर्वसुरी निक सेबन यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली होती. त्या तुलनेचे ओझे डेबोअर यांच्यावर आधीपासूनच होते.

हा निवाडा पुढे दोन्ही बाजूंनी चुकीचा ठरला. अलाबामाने त्यानंतर सलग आठ सामने जिंकले. त्यात जॉर्जियावर त्यांच्याच मैदानात मिळवलेला २४-२१ असा विजयही होता. तीन पराभव पदरी असूनही संघाला १२ संघांच्या राष्ट्रीय बाद फेरीत स्थान मिळाले. पूर्वीच्या चार संघांच्या रचनेत ही संधी जवळजवळ अशक्य होती. उलट फ्लोरिडा स्टेटचा हंगाम पाच विजय आणि सात पराभवांवर आटोपला.

मग सलामीचा सामना निरर्थक होता काय? तसे म्हणता येणार नाही. या खेळात चेंडू पुढे नेण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत: फेकीने किंवा धावत. धावण्याचे यश बहुतांशी आघाडीच्या फळीच्या ताकदीवर अवलंबून असते. एखादी अचूक फेक नशिबाने साधते, परंतु समोरच्या फळीला सामनाभर मागे रेटणे नशिबाने साधत नाही. टॅलाहासीत फ्लोरिडा स्टेटने धावत २३० यार्ड मिळवले, तर अलाबामाने ८७.

धावसंख्येपेक्षा हाच आकडा अधिक खरा होता. डिसेंबरमध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाने अलाबामाला २८-७ असे नमवले, तेव्हा अलाबामाची धावण्याची निव्वळ कमाई उणे तीन यार्ड होती. महाविद्यालयीन नियमांनुसार क्वार्टरबॅक पाडला गेल्यास गमावलेले यार्डही याच खात्यातून वजा होतात. बाद फेरीत अलाबामाने ओक्लाहोमावर मात केली, परंतु १ जानेवारी २०२६ रोजी रोझ बोल सामन्यात इंडियानाने त्यांचा ३८-३ असा धुव्वा उडवला. ऑगस्टमध्ये दिसलेले दुखणे हंगामाच्या अखेरपर्यंत बरे झाले नव्हते.

दरवर्षी खेळाडू मोठ्या संख्येने विद्यापीठे बदलत असल्याने नव्या संघाची पारख करण्यासाठी सलामीच्या सामन्याखेरीज चाहत्याच्या हाती फारसे काही नसते. त्यामुळे घाईचा निष्कर्ष समजण्याजोगा आहे. तथापि, सलामीच्या निकालावरून संघाचे भवितव्य ठरवणे जोखमीचे आहे. त्याच्या उणिवा ओळखणे मात्र शक्य आहे. अलाबामाच्या चाहत्यांचा राग अनाठायी नव्हता. प्रशिक्षकाच्या खुर्चीकडे पाहण्याऐवजी त्यांनी आघाडीच्या फळीकडे बोट दाखवले असते, तर त्यांचे निदान अचूक ठरले असते.