सोळाव्या लुईनंतर अठरावा कसा?



फ्रान्सच्या राजांची यादी कधी नीट पाहिली आहे का? क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये सोळाव्या लुईला गिलोटिनवर मारलं. पुढे १८१४ मध्ये गादीवर बसला तो अठरावा लुई! मग सतरावा कुठे गेला? असं एखाद्या मुलाने विचारलं की आपण पटकन म्हणतो, "ते परीक्षेला नाही, पुढे वाच." माझं मत उलट आहे. यादी पाठ नाही झाली तरी चालेल, पण हा प्रश्न सोडू नका.

सतरावा लुई म्हणजे सोळाव्याचा मुलगा. वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. राजा मेला की त्याच क्षणी त्याचा मुलगा राजा, असं राजाचे पक्षपाती मानत. प्रत्यक्षात हे पोर कैदेत होतं आणि १७९५ मध्ये दहाव्या वर्षी तिथेच वारलं. त्याने एक दिवसही राज्य केलं नाही, तरी त्याचा आकडा राखून ठेवला गेला.

आता यादीत नसलेल्या एका मुलीची गोष्ट. ९८७ मध्ये ह्यू कापे राजा झाला. तिथपासून १३१६ पर्यंत प्रत्येक राजानंतर त्याचा मुलगाच गादीवर आला, त्यामुळे मुलींचा प्रश्नच निघाला नाही. १३१६ मध्ये दहावा लुई वारला. मागे चार वर्षांची मुलगी जोन आणि गरोदर राणी. राणीला मुलगा झाला, पण पाचच दिवस जगला. तरी पहिला जॉन म्हणून त्याचं नाव यादीत आहे. जोनचं मात्र नाही. तिचा काका फिलिप राजा झाला आणि १३१७ मध्ये पॅरिसच्या सभेत ठरलं की स्त्रीला फ्रान्सची गादी मिळणार नाही. गंमत बघा, फिलिपच्या मागे मुलीच उरल्या आणि १३२२ मध्ये तोच नियम त्यांच्या आड आला!

जोन राज्य करायला नालायक होती म्हणावं, तर तसंही नाही. १३२८ मध्ये ती शेजारच्या नाव्हार राज्याची राणी झाली आणि १३४९ मध्ये मरेपर्यंत राणीच राहिली.

म्हणून सुचवावंसं वाटतं, की फळ्यावर फक्त १६ आणि १८ लिहा, मध्ये जागा सोडा आणि थांबा. मुलं बोलायला लागली की जोनची गोष्ट सांगा आणि विचारा, "हा नियम कोणी केला? त्यात फायदा कोणाचा झाला?" पालकांनीही घरी हे करून बघावं. सनावळी महिन्याभरात विसरते. पण चार वर्षांच्या मुलीला का वगळलं, हे वर्गातल्या मुली विसरणार नाहीत, आणि मुलांनीही विसरू नये.