उद्याच्या बाईला खुर्ची देण्याआधी



समुपदेशनाच्या प्रशिक्षण शिबिरांत अलीकडे एक खेळ हमखास घेतला जातो. बाईसमोर रिकामी खुर्ची मांडायची. तिला डोळे मिटायला सांगायचं. 'तुम्ही आता साठ वर्षांच्या झाला आहात. ती साठीतली तुम्ही समोर बसली आहे. तिला विचारा, मी काय करू?' मग बाईने उठून त्या खुर्चीत बसायचं आणि साठीतल्या बाईच्या तोंडून आजच्या बाईला उत्तर द्यायचं. कधी खुर्चीऐवजी पत्र असतं, वीस वर्षांनंतरच्या स्वतःने आजच्या स्वतःला लिहिलेलं. शिबिरात कार्यकर्त्या एकमेकींबरोबर हा खेळ करतात, डोळे भरून येतात. आणि सोमवारी केंद्र उघडलं की कुठे ना कुठे हाच खेळ रात्री मार खाऊन आलेल्या बाईसमोर मांडला जातो.

माझं भांडण त्या सोमवारशी आहे. मी एम.एस.डब्ल्यू. करून गेली बारा वर्षं वस्तीत आणि सल्ला केंद्रावर काम करते. खुर्चीचा हा खेळ मीही वापरते, म्हणून त्याची ताकद मला ठाऊक आहे. पण बाईच्या हातात उद्या आहे का, हे न विचारता तिला उद्याशी बोलायला लावणं ही फसवणूक आहे. आणि तडजोड घडवण्यासाठी हे तंत्र वापरणं हा सरळ अन्याय आहे. याबद्दल आपल्यात उघड बोलणं व्हायला हवं.

आधी या तंत्राची वंशावळ पाहू. रिकामी खुर्ची आणि भविष्यातला प्रसंग आजच रंगमंचावर उभा करणं, ही मुळात जेकब मोरेनो या डॉक्टरच्या मनोनाट्यातली कल्पना. १९५४ साली मिल्टन एरिक्सनने संमोहनात माणसाला काळाच्या पुढे नेऊन तिथून मागे पाहायला लावण्याची पद्धत लिहून काढली. १९७८ साली मिलवॉकी इथे इन्सू किम बर्ग आणि स्टीव्ह डी शेझर यांनी आपलं केंद्र सुरू केलं. त्यांनी 'उद्या सकाळी उठलात आणि प्रश्न सुटलेला असला, तर तुम्हाला ते कशावरून कळेल?' असं विचारायला सुरुवात केली. यातली बर्ग ही आपल्यासारखीच समाजकार्य शिकलेली बाई. आणि १९९१ साली यव्हॉन डोलनने लैंगिक अत्याचार सोसलेल्यांबरोबरच्या कामावर पुस्तक लिहिलं, त्यात जास्त वय झालेल्या, शहाण्या स्वतःचा सल्ला घेण्याची रीत आहे. म्हणजे हे तंत्र अत्याचारातून बाहेर पडणाऱ्यांच्या कामी आलेलं आहे. 'पाश्चात्त्यांचं फॅड' म्हणून ते झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही.

प्रश्न वेगळाच आहे. त्या खुर्चीतून बोलतं कोण?

चौतिशीतली एक बाई. लग्नाला चौदा वर्षं, नवरा दारू पितो, मारतो. साठीच्या खुर्चीत बसून ती आजच्या स्वतःला म्हणाली, 'केलंस ते बरं केलंस. सोसलंस म्हणून पोरं मार्गी लागली. चार माणसांत मान राहिला.' ऐकणारी प्रशिक्षणार्थी भारावून गेली. मला मात्र त्या बाईची सासू बोलताना ऐकू आली, सासूची सासूही. साठीतली बाई कशी असते, हे तिने कुठे पाहिलं होतं? आई, सासू, चुलत सासू. सोसून म्हातारी झालेली आणि त्याबद्दल मान मिळालेली बाई एवढाच नमुना तिच्यासमोर होता. हेझल मार्कस आणि पॉला न्युरियस यांनी १९८६ साली 'संभाव्य स्व'ची कल्पना मांडली, तेव्हाच सांगितलं होतं की आपण पुढे काय होऊ शकतो याची चित्रं माणूस आपल्या भोवतालातूनच उचलतो. भोवताल पुरुषप्रधान असेल तर खुर्चीतली म्हातारीही पुरुषप्रधान व्यवस्थेची वकील म्हणूनच येणार. तिला 'तुमचं आतलं शहाणपण' म्हणून बाईच्या गळ्यात घालणं म्हणजे जुनीच शिकवण नव्या शिक्क्याने परत देणं.

दुसरी गोष्ट. कितीतरी बायका डोळे मिटतात आणि म्हणतात, 'ताई, काहीच दिसत नाही.' मग नोंदवहीत शेरा पडतो, 'प्रतिसाद नाही', 'सहकार्य करत नाही'. ही भाषा थांबवा. मोठा आघात झालेल्या माणसाला आपलं पुढचं आयुष्यच उरलेलं नाही असं वाटतं, हे मानसोपचाराला जुनंच माहीत आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली काढलेल्या निदानपुस्तिकेत आघातोत्तर तणावाच्या लक्षणांत त्याचा नावानिशी उल्लेख होता. नोकरी, लग्न, मुलं, पुरतं आयुष्य, यांतलं काहीच आपल्या वाट्याला येणार नाही असं वाटणं, असं त्याचं वर्णन होतं. ज्या बाईला काही दिसत नाही, ती आपल्याला तिच्यावर काय गुदरलंय ते सांगते आहे.

शिवाय कधी कधी तिचा अंदाज बरोबरच असतो. 'तो मला जिवंत ठेवणार नाही' असं म्हणणाऱ्या बाईला 'पण समजा तुम्ही साठ वर्षांच्या झालात' असं सांगणं क्रूरपणा आहे. तिला आधी विचारायचे प्रश्न वेगळे असतात. त्याने कधी गळा दाबला आहे का? घरात हत्यार, रॉकेल आहे का? मारून टाकीन अशी धमकी दिली आहे का? मारहाण अलीकडे वाढली आहे का? गळा दाबणं ही पुढे जीव जाण्याची मोठी पूर्वखूण असते, आणि बाई घर सोडते तो काळ सगळ्यांत धोक्याचा असतो. याची उत्तरं मिळाल्याशिवाय आणि आज रात्री ती कुठे झोपणार हे ठरल्याशिवाय डोळे मिटायला सांगू नये. उघड्या डोळ्यांनी वावरणं हेच तिचं संरक्षण आहे.

तिसरी गोष्ट पैशाची. उद्याच्या स्वतःशी ओळख करून दिली तर माणूस शहाणपणाने वागतो, याचे दाखले म्हणून काही प्रयोग सांगितले जातात. २०११ साली हॅल हर्शफिल्ड आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यांतला गाजलेला. लोकांना संगणकावर त्यांचाच म्हातारा झालेला चेहरा दाखवला, तर त्यांनी निवृत्तीसाठी जास्त पैसे बाजूला ठेवायची तयारी दाखवली. छान. पण या प्रयोगात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. आजचे पैसे माझे आहेत आणि मी ठेवले तर ते उद्याही माझेच राहतील. आपल्याकडे येणाऱ्या किती जणींच्या बाबतीत हे खरं आहे?

उलट बाईचा उद्या आपल्याकडे कायदेशीररीत्या काढून घेतला जातो. महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतका वाटा मिळाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ च्या दुरुस्तीवेळी वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क आहे. तरी काय होतं? तलाठ्याकडे जायच्या आदल्या दिवशी भाऊ साडी घेऊन येतो, आणि बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, कारण सही नाही केली तर माहेर तुटेल. त्या कागदावर तिची साठीतली बाई बेघर होते. या बहिणीला खुर्चीसमोर बसवून आपण काय विचारणार? तिला सही करण्याआधी गाठायला हवं होतं.

आता सगळ्यांत गंभीर मुद्दा. एका केंद्रावर, नाव सांगत नाही, या तंत्राचा वापर मी प्रत्यक्ष पाहिला आहे. दोन मुलींच्या आईला विचारलं गेलं, 'दहा वर्षांनी मुलीच्या लग्नात मांडवात एकटी उभी आहेस. कसं वाटतंय? मुलगी काय म्हणतेय?' बाई रडली. त्याच दिवशी तिला नवऱ्याबरोबर परत पाठवलं गेलं आणि फाईलवर 'समेट' असं लिहिलं गेलं. याला उपचार म्हणायचं? गावकीच्या पंचांनी आजवर हेच विचारलं आहे, फक्त त्यांच्याकडे खुर्ची नव्हती. आणि भविष्य दाखवायचंच होतं तर ते नवऱ्याला का दाखवलं नाही? 'दहा वर्षांनी मुली तुझं तोंड पाहत नाहीत, कसं वाटतंय?' असं त्याला कुणीच विचारलं नाही. भविष्याची भीती फक्त बाईला घालायची, हा कुठला न्याय?

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा आहे आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. घर कुणाच्याही नावावर असो, सामायिक घरात राहण्याचा हक्क तो बाईला देतो. त्याखालच्या २००६ च्या नियमांत न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या समुपदेशनाबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की समोरच्या पक्षाला हिंसेचं समर्थन करू दिलं जाणार नाही. कायद्याला जे कळलं ते तंत्राच्या मोहात आपण विसरायचं का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी अवघ्या १४ टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितली होती. म्हणजे आपल्या दारापर्यंत येणारी बाई शंभरातली मोजकी. तिला आपण असा आरसा दाखवला, तर ती पुन्हा येणार नाही.

'मग हे तंत्र टाकूनच द्यायचं का?' असं काही मैत्रिणी विचारतील. नाही. बाईला स्वतःपुरता विचार करायची सवयच लागू दिलेली नसते. मुलाची दहावी, मुलीचं लग्न, सासऱ्यांचं ऑपरेशन, असा तिचा उद्या सगळा दुसऱ्यांचा असतो. त्यात 'आणि तुम्ही?' हा प्रश्न विचारणं मोलाचंच आहे. धुणीभांडी करणाऱ्या एका एक्केचाळीस वर्षांच्या बाईला आमच्या गटात विचारलं, 'साठीतली तुम्ही कुठे बसला आहात?' बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, 'खोलीत. माझ्या. आणि दाराला आतून कडी आहे.' एवढंच. पण त्या कडीवरून आम्ही पुढचं वर्षभर काम केलं. तिचं स्वतःचं बँक खातं, ज्याचं एटीएम कार्ड तिच्याच ब्लाउजमध्ये राहील. भाडेकरारावर तिचं नाव. आधार कार्ड, मुलांचे दाखले यांच्या प्रती मैत्रिणीकडे. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज. खुर्चीतल्या बाईने कामाची यादी दिली होती, आम्ही ती खाली उतरवून घेतली.

म्हणून माझे आग्रह असे आहेत.

एक, आधी सुरक्षितता, मग कल्पना. आज रात्रीची सोय आणि धोक्याचा अंदाज झाल्याशिवाय हा खेळ नको.

दोन, समेटाच्या बैठकीत हे तंत्र पूर्ण बंद. नवऱ्यासमोर, सासरच्यांसमोर तर नाहीच.

तीन, हा खेळ शक्यतो गटात घ्या आणि गटात खऱ्याखुऱ्या साठीतल्या बायका असू द्या. नवरा सोडून एकटीने मुलं वाढवलेली, न लग्न केलेली, पासष्टाव्या वर्षी वाटणीचा दावा लावणारी, आणि हो, सोसून राहिलेली आणि आता त्याचा राग येणारीही. नमुने वाढले की खुर्चीतून नवे आवाज येतात.

चार, खुर्चीतल्या बाईला रागवायची, रडायची, 'मला माहीत नाही' म्हणायची मुभा द्या. ती शहाणी आणि क्षमाशीलच असली पाहिजे असा हट्ट नको.

पाच, प्रत्येक अशा संवादाच्या शेवटी निदान एक कागद, एक तारीख आणि सोबत जाणारी एक बाई ठरली पाहिजे.

हे आज लिहायचं आणखी एक कारण आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी एक संगणकी गप्पांचं साधन पुढे आणलं. आपण आपली माहिती भरायची, मग साठ वर्षांचे आपणच पडद्यावरून आपल्याशी बोलतो. उद्या असं काही मोबाइलवर मराठीतही येईल, आणि 'केंद्रावर माणसं कशाला नेमायची?' असं विचारणारेही येतील. त्या साधनाला गळ्यावरचे वळ दिसणार नाहीत. ते पोलीस ठाण्यात बाईबरोबर बाकावर बसणार नाही. तेव्हा आपण काय मागायचं, ते आत्ताच ठरवू या.

आपल्या चळवळीला उद्याची कल्पना करायला कुणी शिकवावं लागलेलं नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगाव बायकांच्या नावावर जमीन झाली, तो साठीतल्या बाईशी केलेला संवादच होता. तो सातबाऱ्यावर लिहिला गेला, एवढाच फरक. आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. तुमच्या केंद्रावर हा खेळ कोण घेतं, कुणाबरोबर घेतं आणि त्यानंतर ती बाई कुठे गेली, एवढे तीन प्रश्न नोंदवहीतून तपासा. तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर खुर्ची उचलून ठेवा आणि आधी त्या बाईच्या घरी जाऊन या.